जनरल मोटर्स : व्यवस्थापनाचा लौकिक आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या औद्योगिक इतिहासात काही कंपन्यांची नावे त्यांच्या उत्पादनापेक्षा त्यांच्या कार्यपद्धतीमुळे अधिक स्मरणात राहिली. अमेरिकेतील जनरल मोटर्स ही अशा कंपन्यांत अग्रभागी आहे. १९३१ पासून २००७ पर्यंत ही कंपनी विक्रीच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठी मोटार उत्पादक मानली जात होती. वाणिज्य व व्यवस्थापन शाखेत विकेंद्रीकरण, विभागीय रचना आणि बाजारपेठेचे विभाजन या संकल्पना शिकविताना तिचे उदाहरण हमखास दिले जाते. याच कंपनीने १ जून २००९ रोजी न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला आणि २०१४ मध्ये एका क्षुल्लक किमतीच्या सदोष सुट्या भागामुळे झालेल्या मृत्यूंबद्दल तिला अमेरिकी संसदेपुढे उत्तर द्यावे लागले.

या घसरणीची कारणमीमांसा करताना जपानी कंपन्यांची स्पर्धा, इंधनाचे वाढते दर आणि कामगार संघटनांशी झालेले खर्चिक करार यांचा उल्लेख केला जातो. ही कारणे खरी असली तरी अपुरी आहेत. ज्या संघटनात्मक रचनेने जनरल मोटर्सला लौकिक मिळवून दिला, त्याच रचनेत चुकीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित ठेवण्याचीही सोय होती, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्या अनुषंगाने कंपनीच्या इतिहासातील निवडक टप्प्यांचा येथे विचार केला आहे.

स्थापना : ड्युरंट यांचा विस्तारवाद

जनरल मोटर्सची स्थापना १६ सप्टेंबर १९०८ रोजी विल्यम ड्युरंट यांनी केली. मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे घोडागाड्यांच्या व्यवसायात यश मिळविल्यानंतर ते ब्युइक या मोटार कंपनीकडे वळले होते. हेन्री फोर्ड यांनी त्याच वर्षी 'मॉडेल टी' बाजारात आणून एकाच प्रकारची स्वस्त मोटार मोठ्या संख्येने तयार करण्याचा मार्ग स्वीकारला. ड्युरंट यांचा मार्ग याच्या उलट होता. कोणती मोटार चालेल याचा अंदाज बांधण्यापेक्षा अनेक कंपन्या एकत्र बांधाव्यात, असे त्यांचे धोरण होते. ओल्ड्समोबाईल, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या अल्पावधीत समूहात आल्या.

मात्र या विस्ताराला हिशेबाची शिस्त नव्हती. १९१० मध्ये कर्जबाजारी झालेल्या समूहाची सूत्रे बँकांच्या हाती गेली. ड्युरंट यांनी लुई शेव्हर्ले यांच्यासमवेत शेव्हर्ले कंपनी उभारली आणि तिच्या बळावर १९१६ मध्ये पुन्हा नियंत्रण मिळविले. परंतु १९२० च्या मंदीत त्यांना कायमचे बाहेर पडावे लागले.

स्लोन यांची रचना

१९२३ मध्ये आल्फ्रेड स्लोन हे कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते. समूहातील कंपन्या एकमेकींशीच स्पर्धा करीत होत्या आणि कोणती कंपनी किती नफा मिळविते याचे नेमके चित्र मध्यवर्ती कार्यालयाला मिळत नव्हते. स्लोन यांनी प्रत्येक विभागाला उत्पादन व विक्रीचे स्वातंत्र्य दिले, परंतु भांडवलाचे वाटप, व्यापक धोरण आणि गुंतवणुकीवरील परताव्याचे मोजमाप मध्यवर्ती कार्यालयाकडे ठेवले. विविध समित्या या दोहोंमधील दुवा होत्या. यालाच पुढे 'समन्वयित नियंत्रणासह विकेंद्रीकरण' असे संबोधले गेले.

बाजारपेठेच्या बाबतीत स्लोन यांनी किमतीची शिडी तयार केली. तिच्या तळाशी शेव्हर्ले, तर शिखरावर कॅडिलॅक. उत्पन्न वाढेल तसा ग्राहक एकेक पायरी चढत जावा, परंतु त्याने समूहाबाहेर जाऊ नये, अशी ही योजना होती. हप्त्याने मोटार घेता यावी म्हणून १९१९ मध्येच स्वतंत्र वित्तसंस्था स्थापन झाली होती. १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या नेतृत्वाखाली मोटारीच्या रंगरूपाचा विचार करणारा विभाग सुरू झाला आणि दरवर्षी नवे रूप आणण्याची प्रथा रूढ झाली. त्याच वर्षी दीड कोटींहून अधिक गाड्या तयार केल्यानंतर फोर्ड यांना मॉडेल टीचे उत्पादन थांबवावे लागले. मोटार हे केवळ वाहतुकीचे साधन न राहता सामाजिक प्रतिष्ठेचे चिन्ह झाले, ते या काळात.

१९४६ मध्ये पीटर ड्रकर यांनी जनरल मोटर्सच्या अभ्यासावर आधारित ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६२ मध्ये आल्फ्रेड चँडलर यांनी विभागीय रचनेच्या इतिहासात या कंपनीला महत्त्वाचे स्थान दिले. अशा रीतीने जनरल मोटर्स ही व्यवस्थापनशास्त्राची जणू प्रयोगशाळा ठरली.

कामगार आणि राष्ट्रजीवन

या लौकिकाची दुसरी बाजू कारखान्यात होती. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंट येथील कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून संप सुरू केला. तो ११ फेब्रुवारी १९३७ पर्यंत, म्हणजे ४४ दिवस चालला. अखेर कंपनीने संयुक्त मोटार कामगार संघटनेला मान्यता दिली. १९५० मध्ये कंपनी व संघटना यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. महागाईशी निगडित वेतनवाढ, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा यांची हमी कामगारांना मिळाली. त्या बदल्यात उत्पादनाविषयीचे निर्णय व्यवस्थापनाच्या हाती राहिले. अमेरिकी मध्यमवर्गाच्या घडणीत या कराराचा मोठा वाटा होता. त्याच वेळी कामाच्या दर्जाविषयी कामगाराने बोलण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद झाला, हेही नोंदविले पाहिजे.

१९५३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन यांची संरक्षणमंत्रिपदासाठी निवड झाली. देशाच्या हिताचे ते कंपनीच्या हिताचे आणि कंपनीच्या हिताचे ते देशाच्या, अशी आपली धारणा असल्याचे त्यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले. जनमानसात त्यातील उत्तरार्धच तेवढा राहिला आणि तो कंपनीच्या अहंकाराचे प्रतीक बनला. १९५५ मध्ये एका वर्षात एक अब्ज डॉलरहून अधिक निव्वळ नफा मिळविणारी ती पहिली अमेरिकी कंपनी ठरली. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी सुमारे निम्म्या जनरल मोटर्सच्या होत्या.

कोर्व्हेर प्रकरण : लौकिकाला पहिला तडा

१९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींच्या सुरक्षिततेवर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील पहिले प्रकरण शेव्हर्लेच्या कोर्व्हेर या मोटारीविषयी होते. आरंभीच्या कोर्व्हेरच्या मागील चाकांची बांधणी वळणावर धोकादायक ठरते, असा त्यांचा आक्षेप होता. कंपनीने या आक्षेपाला तांत्रिक उत्तर देण्याऐवजी नेडर यांच्या खासगी आयुष्याच्या चौकशीसाठी गुप्तहेर नेमले. हे उघडकीस आल्यावर मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे जाहीर क्षमायाचना करावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत मोटार सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा संमत झाला.

पुढे १९७२ मध्ये शासकीय सुरक्षा यंत्रणेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, कोर्व्हेर ही समकालीन मोटारींच्या तुलनेत अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष होता. म्हणजे तांत्रिक मुद्द्यावर कंपनीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. तरीही तिची पत गेली, ती टीकाकाराशी वागण्याच्या पद्धतीमुळे. दोषाच्या आरोपापेक्षा त्या आरोपाला दिलेला प्रतिसाद लौकिकाला अधिक घातक ठरू शकतो, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

दर्जाचा प्रश्न आणि फ्रेमाँटचा धडा

१९७३ च्या तेलसंकटानंतर लहान, कमी इंधन लागणाऱ्या जपानी मोटारींना अमेरिकेत मागणी वाढली. जनरल मोटर्सच्या मोटारींच्या दर्जाविषयी तक्रारी वाढू लागल्या व त्याचे खापर बहुधा कामगारांवर फोडले गेले. या समजाची परीक्षा कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथे झाली. गैरहजेरी आणि सततचे तंटे यांसाठी कुप्रसिद्ध असलेला तेथील कारखाना कंपनीने १९८२ मध्ये बंद केला होता. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगारांपैकी बहुसंख्य जुनेच होते, संघटनाही तीच होती. बदलली ती कार्यपद्धती. दोष दिसताच दोरी ओढून जुळणीचे काम थांबविण्याचा अधिकार साध्या कामगाराला मिळाला. अल्पावधीतच तेथील मोटारींचा दर्जा उल्लेखनीय ठरला. दोष माणसांत नसून त्यांना दिलेल्या अधिकारांत होता, हे यावरून सिद्ध झाले. परंतु विभागांच्या स्वायत्ततेवर उभ्या असलेल्या या समूहात एका कारखान्याचा धडा इतरांपर्यंत पोहोचण्यास फार विलंब लागला.

दिवाळखोरी आणि पुनर्रचना

२००८ पर्यंत कंपनीचा अमेरिकी बाजारपेठेतील वाटा सुमारे २२ टक्क्यांवर आला. निवृत्त कामगारांच्या आरोग्यखर्चाचा भार, मोठ्या गाड्यांवरील अवलंबित्व आणि त्याच वर्षीचे वित्तीय अरिष्ट यांचा एकत्रित परिणाम होऊन कंपनी शासनाच्या दारी आली. मार्च २००९ मध्ये ओबामा प्रशासनाच्या आग्रहावरून मुख्याधिकारी रिक वॅगनर पायउतार झाले. १ जूनच्या अर्जानंतर १० जुलै २००९ रोजी नव्या स्वरूपातील कंपनी अस्तित्वात आली. पाँटियाक, सॅटर्न आणि हमर ही नावे बंद झाली. अमेरिकी शासनाने सुमारे ४९.५ अब्ज डॉलर गुंतविले. डिसेंबर २०१३ मध्ये अखेरचे समभाग विकले गेले, तेव्हा करदात्यांना १० अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला होता.

या प्रक्रियेत चांगली मालमत्ता नव्या कंपनीकडे गेली, तर अनेक जुनी देणी व दावे जुन्या कंपनीकडे राहिले. हा कायदेशीर तपशील पुढे कळीचा ठरला.

चावीच्या खटक्याचे प्रकरण

फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने शेव्हर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन इत्यादी मोटारी दुरुस्तीसाठी परत मागविण्यास प्रारंभ केला. ही संख्या अखेरीस सुमारे २६ लाखांवर गेली. दोष इग्निशन स्विचमध्ये, म्हणजे चावी फिरविल्यावर इंजिन चालू-बंद करणाऱ्या खटक्यात होता. त्याची पकड ढिली असल्याने चावीच्या जुडग्याचा भार किंवा रस्त्यावरील धक्का एवढ्यानेही तो जागेवरून सरके. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे, सुकाणू व ब्रेक जड होत आणि अपघात झाल्यास संरक्षक एअरबॅग उघडत नसत.

कंपनीच्या अभियंत्यांना या दोषाची माहिती अनेक वर्षांपासून होती. परंतु इंजिन बंद पडणे ही ग्राहकाची गैरसोय मानली गेली. ती सुरक्षिततेची बाब आहे, असे कोणी ठरविले नाही. २००६ मध्ये खटक्यात सुधारणा करण्यात आली, पण त्याचा भाग-क्रमांक तोच ठेवल्याने पुढील तपासाची दिशा चुकली. माजी सरकारी वकील अँटन वालुकास यांनी कंपनीसाठी केलेल्या चौकशीचा अहवाल जून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बैठकीत सर्वांनी मान डोलवावी व नंतर कोणीही काही करू नये, तसेच जबाबदारी विचारली असता प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, अशा सवयींचे वर्णन त्यात आहे. समित्यांद्वारे समन्वय ही स्लोन यांची कल्पना येथे नेमकी उलट फळाला आली. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५ मध्ये फौजदारी चौकशीच्या तडजोडीत तिने ९० कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले.

दिवाळखोरीपूर्वीच्या दाव्यांना आपण बांधील नाही, अशी भूमिका नव्या कंपनीने घेतली होती. जुलै २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने खटक्याविषयीच्या दाव्यांबाबत ती फेटाळली. दोष माहीत असूनही तो बाधितांना कळविला नाही, त्यामुळे दिवाळखोरीचे संरक्षण येथे मिळणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

महाराष्ट्राचा अनुभव

जनरल मोटर्सचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. १९२८ मध्ये कंपनीने मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली; हा व्यवसाय १९५० च्या दशकात थांबला. उदारीकरणानंतर कंपनी गुजरातमधील हालोलमार्गे परतली आणि सप्टेंबर २००८ मध्ये पुण्याजवळील तळेगाव येथे तिचा दुसरा कारखाना सुरू झाला. प्रवासी वाहतुकीत लोकप्रिय झालेली टव्हेरा ही गाडी अनेकांच्या स्मरणात असेल. २०१३ मध्ये १ लाखाहून अधिक टव्हेरा परत मागविण्यात आल्या. उत्सर्जन चाचणीत कर्मचाऱ्यांकडून गैरप्रकार झाल्याचे कंपनीने स्वतः शासनास कळविले होते.

२०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री थांबविली. तळेगावातील निर्यातीसाठीचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. एका चिनी कंपनीशी ठरलेला विक्रीचा व्यवहार शासकीय मंजुरीअभावी बारगळला. कारखाना बंद करण्यावरून व भरपाईवरून हजाराहून अधिक कामगारांचा वाद न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०२४ मध्ये हा कारखाना ह्युंदाई कंपनीकडे हस्तांतरित झाला. यंत्रे व जमीन यांना नवा मालक मिळाला. जुन्या कामगाराचे उत्तरदायित्व कोणाकडे, हा प्रश्न येथेही उभा राहिला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, जनरल मोटर्सच्या रचनेत यशाचे मोजमाप अत्यंत काटेकोर होते. प्रत्येक विभागाचा नफा आणि गुंतवणुकीवरील परतावा यांची नोंद होत असे. हानीची मोजणी मात्र कोणत्याही एका विभागाकडे नव्हती. फ्रेमाँट येथील साध्या दोरीने ती उणीव काही अंशी भरून काढली होती, कारण दोष पाहणाऱ्याच्या हातीच काम थांबविण्याचा अधिकार आला होता.

२०१४ नंतर मेरी बारा यांच्या नेतृत्वाखाली सुरक्षाविषयक तक्रार थेट मांडण्याची व्यवस्था कंपनीने केली. तथापि, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या क्रूझ या उपकंपनीच्या चालकविरहित गाडीने सॅन फ्रान्सिस्को येथे एका पादचारी महिलेला फरफटत नेले आणि त्याची पूर्ण माहिती शासकीय यंत्रणेस दिली नाही, असे निष्पन्न झाले. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने तो टॅक्सी प्रकल्प गुंडाळला.

विभागीय रचना शिकविताना तिचे फायदे सांगणे योग्यच आहे. तथापि, दोष दिसल्यावर काम थांबविण्याचा अधिकार कोणास आहे आणि निर्णय न झाल्यास उत्तर कोणी द्यायचे, हे दोन प्रश्न अभ्यासकांनी प्रत्येक संघटनेबाबत विचारणे आवश्यक आहे. लौकिकाचे खरे मूल्यमापन त्यांच्या उत्तरावरूनच होऊ शकते.