आधी संसार, मग लग्न
लेखमाला : पैसा आणि पसंती (भाग सहावा)

किराणा, शाळा, औषधं, वीजबिल हे न टळणारे खर्च आपण मागच्या भागात बाजूला काढले. उरला तो ऐच्छिक खर्च. तो कुठे कापायचा, हे सगळेच विचारतात; कशासाठी राखायचा, हे थोडेच ठरवतात. पालघर जिल्ह्यातल्या चारोटीच्या आसपासच्या वारली आदिवासींच्या पाड्यांवर या दुसऱ्या प्रश्नाचं जुनं उत्तर आहे.

वारल्यांत जोडप्याने संसार आधी थाटावा आणि लग्नविधी ऐपत आल्यावर करावा, हे समाजाला मान्य आहे. कधी मुलंबाळं झाल्यावर आईबापांचं लग्न लागतं. विधी मात्र सुटत नाही. सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत विधी करते. लग्न व्हायचंच, कधी, ते घरातलं धान्य ठरवतं.

ज्यांना थांबता आलं नाही, त्यांची गत इतिहासात आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेतलेला माणूस ‘लग्नगडी’ व्हायचा आणि फेडीपायी नवराबायको दोघंही त्याच्याकडे राबायची. मे 1945 मध्ये तलासरी भागातल्या झरी गावी किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारली जमले आणि वेठबिगार व लग्नगडी पद्धत झुगारायचं ठरलं. लग्नाचा खर्च ही उधळपट्टी नव्हती. पैसा दुसऱ्याचा आणि अटीही त्याच्याच, हे खरं दुखणं होतं.

वीटभट्टीचा बयाणा घेताना आजही हेच लक्षात ठेवायला हवं. सणाच्या तोंडावर हातात आलेली उचल म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी असते.

म्हणून खर्च रुपयांत नव्हे, दिवसांत मोजा. 2024-25 मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. लग्नातल्या डीजेचे समजा 15,000 रुपये झाले, तर ते सुमारे 50 दिवसांचं काम. त्याच लग्नात गावजेवणाला किती दिवस द्यावेसे वाटतात, धवलेरीला किती? कुणाला डीजेच हवा असेल, तर त्यातही गैर काही नाही. फक्त 50 दिवस देतोय, हे ठाऊक असावं.

या आठवड्याचा गृहपाठ : गेल्या महिन्यातले तीन मोठे ऐच्छिक खर्च लिहा. प्रत्येकापुढे आपल्या कमाईचे दिवस मांडा, आणि तो खर्च घरच्यांच्या आनंदासाठी होता की लोक काय म्हणतील म्हणून, तेही लिहा. मग मनापासूनचा एकच खर्च निवडून त्याचे पैसे सर्वांत आधी वेगळे काढा. समजा, तो खर्च विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेचा आहे. ती चैत्रात भरते. दिवाळीनंतर आठवड्याला 50 रुपये टाकले, तर 20 आठवड्यांत 1,000 जमतात. पाळणा, खाऊ, बांगड्या, सगळं उधारीशिवाय.

पुढच्या भागात : बचत गटाचं कर्ज आणि मालकाची उचल, यांत नेमका फरक काय?