प्रेमकथा आणि मनातले बोलण्याची मराठी

भाजी, बस, बिल, ऑफिस यांची कामे मोजक्या शब्दांत भागतात. शब्द कमी पडतात ते मनातले सांगायची वेळ आली की. ‘टेन्शन आलंय’, ‘मूड नाही’, ‘बोअर होतंय’ एवढ्यावरच आज पुष्कळ घरांत भावनांचा कारभार चालतो. मराठीत या बाबतीत शब्दांची ददात मुळीच नाही. निरोपानंतर लागते ती हुरहूर, अनेक विचारांनी एकदम गर्दी केली की मनात माजते ते काहूर, इकडे आड तिकडे विहीर अशा वेळी होते ती घालमेल. आणि तगमग अशी, की ती अंगालाही जाणवते. हे शब्द कोशात आहेतच, पण ते जिवंत भेटतात ते प्रेमकथांमध्ये. कारण मनाच्या एवढ्या बारीक अवस्था दुसरा कुठलाही कथाप्रकार इतका वेळ न्याहाळत बसत नाही.

नवरा-बायकोतली एखादी कुरबुर घेतली तरी हे कळते. रागावणे म्हणजे नाराजी उघड दाखवणे. रुसण्यात त्याहून अधिक काही असते. समोरच्याने मनधरणी करावी ही अपेक्षा त्यात असते, म्हणून रुसवा काढता येतो. अबोला मात्र ठरवून धरला जातो आणि तो सोडायला कुणाला तरी कमीपणा घ्यावा लागतो. या सगळ्याच्या पलीकडे असते ती अढी. वरवर बोलणे, हसणे, जेवणखाण सगळे सुरळीत चाललेले असते आणि मनात काहीतरी वर्षानुवर्षे बसून राहते. ‘ती चिडली आहे’ या एका वाक्यात हे चारही प्रकार कोंबले तर उपाय चुकतो. रुसलेल्या माणसाला एकटे सोडले की रुसव्याचा अबोला होतो. नेमका शब्द माहीत असला की निदान काय करायला हवे, ते सुचते.

गोष्टीतून शब्द लक्षात राहतात याचे कारण साधे आहे. यादीतला शब्द एकटा येतो; गोष्टीतला शब्द प्रसंग, माणसे आणि आवाज सोबत घेऊन येतो. पहिल्या भेटीत त्याचा अर्थ अंधुकच कळतो. दहा-वीस पानांनी तो पुन्हा वेगळ्या प्रसंगात दिसतो, अर्थ थोडा पक्का होतो, आणि अशा चार-सहा भेटींनंतर तो वाचणाऱ्याच्या तोंडी येऊ लागतो. लहान मूल भाषा शिकते ते याच वाटेने.

मराठी कादंबरी प्रेमाकडे सावकाश वळली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चा (१८५७) विषय विधवांची दुःस्थिती हा होता. त्यानंतर ‘मुक्तामाला’सारख्या अद्भुतरम्य कथा आल्या, मग हरिभाऊ आपट्यांनी घरातल्या बाईचे दुःख मांडले. तरुण-तरुणींच्या प्रेमाला स्वतंत्र जागा दिली ती ना. सी. फडक्यांनी. ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ या कादंबऱ्यांतून सफाईदार, चटपटीत संवादाची मराठी घरोघर पोचली. त्यांचे जग सुखवस्तू आणि अरुंद होते, हा आक्षेप खराच आहे. तरीही दोन सुशिक्षित माणसांनी एकमेकांशी मोकळेपणाने कसे बोलावे, याचा एक नमुना त्यांनी घालून दिला, हे विसरता येणार नाही.

शब्दसंग्रह वाढवण्यासाठी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) फार उपयोगी आहे. तिची शैली अलंकारिक आहे आणि आजच्या वाचकाला ती काही ठिकाणी जड वाटेल. पण ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशी तिघे आपापली बाजू सांगतात. एकाच संसाराकडे तीन मनांनी पाहिले जात असल्यामुळे वासना, आसक्ती, अनुराग, असूया, माया हे शब्द एकमेकांपासून कुठे वेगळे होतात ते पानोपानी उलगडत जाते. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) याच्या अगदी उलट. युरोपातून निघालेल्या जहाजावर एक मराठी तरुण आणि हेर्टा ही जर्मन ज्यू तरुणी भेटतात. प्रवास थोड्या दिवसांचा, बाहेर युद्धाची छाया, आणि वाक्ये आखूड, कोरडी. भावना तीव्र असली की शब्द कमी लागतात, हे तिथे शिकायला मिळते.

पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ (१९६२) या सगळ्यांत निराळी आहे. सबंध कादंबरी म्हणजे सावित्रीने लिहिलेली पत्रे. उत्तरे वाचकाला दिसतच नाहीत. तिच्या पत्रांत कठीण शब्द जवळजवळ नाहीत, तरी वाचून झाल्यावर स्वतःची भाषा बदलल्यासारखी वाटते. भाषा समृद्ध होणे म्हणजे भारदस्त शब्द जमवणे हा गैरसमज दूर करायला ही एक कादंबरी पुरे आहे. पुढे गौरी देशपांडे यांनी ‘एकेक पान गळावया’मधून (१९८०) बाईची इच्छा, कंटाळा, स्वातंत्र्याची ओढ हे सारे बाईच्याच शब्दांत मांडले. त्याआधी या गोष्टी बहुतेक पुरुष लेखकांच्या शब्दांतच वाचायला मिळत.

चित्रपट जे देतो ते कादंबरीला जमत नाही. शब्दाचा हेल, तो उच्चारण्याआधीचा थांबा, डोळे आणि हात हे सारे पडद्यावर एकदम कळते. शिवाय प्रमाण मराठीबाहेरची मराठी कानावर पडते. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी केलेल्या ‘जैत रे जैत’ने (१९७७) ठाकर आदिवासींच्या बोलीतले प्रेम शहरापर्यंत आणले. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) करमाळ्याकडची बोली मुंबई-पुण्याच्या तरुणांच्या तोंडी बसवली. ज्या बोलीला शाळेत नावे ठेवली जात, तीच अभिमानाने बोलली जाऊ लागली, ही या चित्रपटाची मोठी कामगिरी आहे. याच चित्रपटात हैदराबादला पळून गेलेली नायिका आर्ची बाटल्या भरण्याच्या कारखान्यात काम करता करता तेलुगू शिकते. वाड्यात वाढलेल्या त्या मुलीचा परक्या गावातला संसार सावरतो, त्यात या नव्या भाषेचा वाटा मोठा आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या प्रेमकथांत, विशेषतः चित्रपटांत, मुलीचा नकार हा लाजरा होकार समजला जातो आणि तिच्या मागे मागे फिरणे पराक्रम ठरते. शब्द घ्यावेत, हे वागणे घेऊ नये. आर्जव आणि तगादा यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला प्रेमाची भाषा आली असे म्हणता येणार नाही.

वाचताना प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थांबले तर गोष्टीचा रस जातो. पेन्सिलीने खूण करून पुढे जावे, प्रकरण संपल्यावर त्यातले दोन-तीन शब्द कोशात पाहावेत आणि त्याच दिवशी स्वतःच्या घरातल्या प्रसंगावर त्यांचे वाक्य करावे. काही दिवसांनी तेच शब्द पुन्हा चाळावेत. चित्रपट पाहताना उपशीर्षके मराठीतच मिळत असतील तर तीच लावावीत. ऐकलेला शब्द डोळ्यांसमोर आला की त्याचे रूप पक्के होते. दूरदर्शनवरच्या गाण्यांसोबत त्याच भाषेतले शब्द दाखवण्याचा ब्रिज कोठारी यांचा उपक्रम याच तत्त्वावर उभा राहिला. परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलांनाही, ज्यांना भाषा समजते पण वाचता येत नाही, ही सोय फार उपयोगी पडते.

सुरुवात ‘सावित्री’पासून करावी, ती दोन-तीन बैठकांत वाचून होते. शब्द अडलाच तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.