कराची वाट (भाग ७) : एलएलएम करू की नको?

मागच्या भागात सीए आणि करसल्लागार यांच्या कामातला फरक पाहिला. त्यावर नांदेड-लातूरकडच्या विधी शाखेच्या मुलांनी एकच गोष्ट विचारली : "सर, एलएलबी झालं. टॅक्समध्येच जायचंय. एलएलएम करू का?"

आधी कायदा काय मागतो ते पाहू. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २८८ नुसार करदात्याच्या वतीने अधिकाऱ्यापुढे आणि अपिलीय न्यायाधिकरणापुढे वकील किंवा सीए उभा राहू शकतो; वाणिज्य किंवा कायद्याचा साधा पदवीधरही चालतो. जीएसटी प्रॅक्टिशनरलाही पदवी आणि परीक्षा पुरते. टॅक्स ऑडिटच्या अहवालावर सही सीएचीच लागते. आणि उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, सनद असलेला वकील लागतो. एलएलएमची अट यांपैकी कुठेच नाही.

मग कायद्याचा जादा अभ्यास वाया जातो का? मुळीच नाही. लातूरच्या मार्केट यार्डातला एक आडत्या डोळ्यांसमोर आणा. शेतकरी सोयाबीनची पोती उतरवतो, सौदा होतो, आडत्या पट्टी करून पैसे देतो. धरा, वर्षाला पाच कोटींचा माल त्याच्या वहीतून गेला आणि आडत मिळाली दहा लाख. ऑडिटची मर्यादा मोजताना त्याची उलाढाल पाच कोटी धरायची की दहा लाख?

याचं उत्तर वहीच्या बेरजेत सापडत नाही. तो माल स्वतःचा म्हणून विकतो की दुसऱ्याच्या वतीने, हे ठरवावं लागतं, आणि ते शिकवतो १८७२ च्या करार कायद्यातला अभिकर्त्याचा भाग. दुसऱ्याच्या वतीने विकणारी कच्ची आडत आणि स्वतःचा म्हणून विकणारी पक्की आडत, यांतला फरक न्यायालयांपुढे जुनाच आहे. भगवानदास नरोत्तमदास विरुद्ध कानजी देवजी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९०५ मध्येच पक्क्या आडतीचा कस लावला होता. पुढे १७ मार्च १९८६ च्या परिपत्रक क्र. ४५२ ने ऑडिटपुरता खुलासा केला : कच्च्या आडत्याची फक्त आडत मोजायची, पक्क्याची मात्र सगळी विक्री. पण समोरचा माणूस कच्चा की पक्का, हे त्याच्या पाटीवरून कळत नाही. पट्टी, जोखीम कोणाची, नफा-तोटा कोणाचा, हे सगळं वाचून मांडावं लागतं. मी वकिली सुरू केली तेव्हा पहिली दोन वर्षं अशाच पट्ट्या जुळवण्यात गेली, आणि आजही ती मला उपयोगी पडतात.

ही मांडणी आता अधिकच महत्त्वाची झाली आहे. २०२० पासून प्राप्तिकराची पहिली अपिलं बहुतांशी फेसलेस झाली. अधिकारी तुमचा चेहरा पाहत नाही, लिहिलेलं निवेदन वाचतो. नांदेडमध्ये बसून चोख निवेदन लिहिणारा तरुण मुंबईच्या मोठ्या फर्मसमोर कमी पडत नाही. पुढचं अपील पुण्याच्या न्यायाधिकरणाकडे जातं, तिथेही कागद भक्कम असेल तरच युक्तिवाद टिकतो.

एलएलएमची खरी किंमत इथे आहे. प्रबंधाचा विषय कराचा घेतला, पन्नास निकाल मुळातून वाचले आणि स्वतःच्या शब्दांत लिहिले, तर ती दोन वर्षं फळतात. गाइडवर पास होऊन नावापुढे तीन अक्षरं लावली, तर पक्षकाराला त्याचा काही फायदा नाही. नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकवायची इच्छा असेल, तर प्रश्नच मिटला. प्राध्यापकीसाठी एलएलएम आणि नेट किंवा सेट हवीच.

बाकीच्यांना माझं सांगणं एवढंच : आधी सनद घ्या, एखाद्या ज्येष्ठाच्या कार्यालयात दोन वर्षं नोटिसांना उत्तरं लिहा, ताळेबंद वाचायला शिका. अपिलाचं काम आवडतंय असं तेव्हा वाटलं, तर एलएलएमचा अर्ज भरा. आणि नवा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ आजच हाती घ्या. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलबजावणीची तारीख आहे आणि ओळखीच्या कलमांचे क्रमांक त्यात बदलले आहेत.