नजर चांगली असली तरी पडदा तपासून घ्या

विहाराच्या आवारात किंवा चौकात नेत्रतपासणी शिबीर भरले की आपल्या वस्तीत रांग लागते. तक्त्यावरची अक्षरे वाचून घेतात, चष्म्याचा नंबर काढतात, मोतीबिंदू दिसला तर ऑपरेशनची चिठ्ठी देतात. काम चांगलेच आहे. पण साखर असलेला माणूस तिथून घरी येतो आणि सांगतो, ‘डोळे दाखवले, ठीक आहेत.’ आम्हाला काळजी वाटते ती इथे. बहुतेक शिबिरांत डोळ्याचा पुढचा भाग पाहतात. साखर डोळ्याला खाते ती मागून.

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला, एक पातळ पडदा असतो. बाहेरचे चित्र त्याच्यावर उमटते. त्याला रक्त सतत लागते. रक्तात वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली की त्याच्या केसाहून बारीक वाहिन्या कमजोर होतात. काही फुगतात, काही झिरपतात, काही कायमच्या बंद पडतात. जिथे बंद पडल्या, तिथला पडदा उपाशी राहतो.

पुढचे समजायला गल्लीतला नळ आठवा. मुख्य लाइनचे पाणी बंद झाले की माणसे गप्प बसत नाहीत. मिळेल तिथून प्लास्टिकचा पाइप ओढतात, गटारावरून नेतात, सुतळीने बांधतात. पाणी येते, पण पाइप कच्चा. सांध्यातून गळतो, आणि एक दिवस फुटतो. उपाशी पडदाही तेच करतो. तो एक रसायन सोडतो आणि त्याच्या हाकेला नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. त्या नको तिथे वाढतात आणि फार नाजूक असतात. पडद्याच्या पुढे डोळ्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो, त्यात त्या शिरतात. एखादी फुटली की डोळ्यात रक्त पसरते. पुढे त्यांच्याभोवती जाळे धरते, ते आकसते आणि पडद्यालाच ओढून सुटा करते.

असे काही रसायन असावे, हा अंदाज आयझॅक मायकेलसन या डॉक्टरांनी १९४८ साली मांडला होता. ते हाती लागायला १९८९ उजाडले. नेपोलिओने फेरारा यांनी अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत ते वेगळे काढले. आज डोळ्यात देतात ती इंजेक्शने याच रसायनाला बांधून ठेवतात. त्यातले सर्वात स्वस्त पडणारे औषध मुळात आतड्याच्या कॅन्सरसाठी २००४ साली मंजूर झालेले आहे.

फसवी गोष्ट अशी की हे सगळे चालू असताना दिसायला छान दिसत असते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो. मग एका सकाळी डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, कोळ्याचे जाळे हलल्यासारखे वाटते, किंवा लालसर धूर दाटतो. म्हणजे पाइप फुटला. त्या दिवशी कामावर न जाता थेट मोठ्या दवाखान्यात जा. मध, गुलाबपाणी, कुणी दिलेला रस डोळ्यात घालू नका. बाहेरून घातलेले असले काहीही त्या पडद्यापर्यंत पोचत नाही.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी अधू झाली होती. तिचे कारण काय होते हे ठरवायला आम्ही डॉक्टर नाही. पण १९५६ साली जगात कुठेच लेझर नव्हते. पहिले लेझर निघाले ते १९६० मध्ये. आज सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत ते आहे.

लेझरबद्दल वस्तीत एक वाक्य फार ऐकू येते : ‘लेझर केले आणि होती ती नजरही गेली.’ याचा नीट विचार करू. लेझरने पडद्याच्या कडेच्या उपाशी भागावर बारीक डाग देतात. तो भाग शांत झाला की रसायनाची हाक कमी होते, नव्या वाहिन्या सुकतात, आणि ज्याने आपण वाचतो, माणूस ओळखतो तो मधला भाग वाचतो. त्याची किंमत मोजावी लागते. बाजूचे आणि अंधारातले थोडे कमी दिसू शकते. पण लेझर नजर वाढवण्यासाठी नसतेच, उरलेली राखण्यासाठी असते. ज्यांची नजर ‘लेझरने गेली’ म्हणतात, त्यातले कितीतरी जण रक्त सांडल्यावर पोचलेले असतात. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९७६ साली आले. त्यात लेझर केलेल्या डोळ्यांत दृष्टी पार जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटला होता.

इंजेक्शन डोळ्यात देतात हे ऐकूनच माणूस उठून जातो. आधी डोळा बधिर करतात; टोचायला काही सेकंद लागतात. खरी अडचण पुढे असते : ते पुन्हा पुन्हा, सुरुवातीला बहुधा दर महिन्याला, घ्यावे लागते. फक्त इंजेक्शनांवर असलेला रुग्ण मध्येच यायचा थांबला, तर लेझर झालेल्या रुग्णापेक्षा त्याचे नुकसान जास्त होते. म्हणून रोजंदारीवर असाल, मधूनच गावी जावे लागत असेल, तर डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा : ‘साहेब, मला दर महिन्याला जमणार नाही.’ यात लाज कसली? त्यावरून इलाज ठरतो. रक्त साफ होत नसेल किंवा पडदा ओढला गेला असेल, तर मात्र ऑपरेशन लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते आणि काय नाही, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

साखर कळली त्याच वर्षी पडदा तपासायचा, मग दरवर्षी. साखर असलेल्या बाईला दिवस गेले तर सुरुवातीलाच, कारण गरोदरपणात हा आजार जोर धरतो. मागताना ‘डोळे तपासा’ म्हणू नका, ‘ड्रॉप टाकून मागचा पडदा तपासा’ म्हणा. ड्रॉपने बाहुली मोठी होते आणि काही तास जवळचे धूसर दिसते, ऊन सहन होत नाही. त्या दिवशी रिक्षा, मोटारसायकल चालवायची नाही, शिलाई मशीनवर बसायचे नाही. अर्धा दिवस बुडतो, हे आम्हाला कळते. अनेक जण याच एका कारणाने जात नाहीत. घरातल्या कुणाला तरी सोबत न्या. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आणि बीपीची चिठ्ठी बरोबर ठेवा. बीपी चढते असेल तर या वाहिन्यांना आणखी त्रास होतो.

नव्या वाहिन्यांचा हाच खेळ अगदी तान्ह्या बाळाच्या डोळ्यातही होतो. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाचा पडदा अर्धवट वाढलेला असतो. बाळ ३४ आठवड्यांच्या आधी झाले असेल किंवा जन्माचे वजन दोन किलोच्या आत असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासलाच पाहिजे. फारच लवकर झालेल्या बाळाचा त्याहूनही आधी. काचेच्या पेटीतून बाळ घरी आणताना सुटीच्या कागदावर ही तारीख लिहिली आहे का, ते पाहा. नसेल तर तिथल्या सिस्टरांकडून लिहून घेऊनच निघा.