पावसाळ्याआधी फोनची आवराआवर

लोणावळ्याच्या तुंगार्लीत बंगले भाड्याने देणाऱ्यांचा ऐन धंद्याचा काळ म्हणजे पावसाळा. बुकिंग, आगाऊ रकमेचे स्क्रीनशॉट, पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो, किराणावाल्याचा हिशेब, सगळं एकाच फोनमध्ये असतं. आणि तिथल्या धरणाच्या वाटेवर फोन भिजला, की आधी सल्ला मिळतो तो तांदळाच्या डब्याचा.

तांदळाने फोनच्या आतलं पाणी ओढलं जात नाही. उलट पीठ आणि बारीक कण चार्जिंगच्या खाचेत शिरतात. आयफोन तांदळात ठेवू नका, असं ॲपलनेही स्पष्ट सांगितलं आहे. फोन बंद करावा, खाच खाली धरून हलकेच झटकावा, वाऱ्यावर ठेवावा आणि पुरता सुकेपर्यंत चार्जर लावू नये. ‘माझा तर वॉटरप्रूफ आहे’ यावरही फार विसंबू नका. वॉटरप्रूफपणाची चाचणी नव्या फोनची आणि स्वच्छ पाण्यातली असते. फोन जुना होतो तसं ते संरक्षण कमी होतं, आणि पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

‘गूगलला सगळं आपोआप जातं’ हा गैरसमज त्याहून महागात पडतो. गूगल फोटोज सहसा फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर चढवतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आणि स्क्रीनशॉट यांची फोल्डरं वेगळी असतात, त्यांचा बॅकअप आपल्यालाच चालू करावा लागतो. म्हणजे धंद्याचे पुरावे नेमके बाहेर राहतात! शिवाय फुकट जागा १५ जीबीच, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी त्यात धरला जात नसे, आता धरला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो आणि मेल येणंही बंद होतं. म्हणून व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आणि कोणत्या गूगल खात्यावर आहे, हे आजच बघा. नव्या फोनवर गप्पा परत आणायला तोच नंबर आणि तेच खातं लागतं. बॅकअपला पासवर्ड घातला असेल तर तो वहीत लिहून ठेवा. तो हरवला तर व्हॉट्सॲपलाही तो बॅकअप उघडून देता येत नाही.

‘वर गेलेत ना, मग फोनमधले उडवू’ असं म्हणून गूगल फोटोजमध्ये फोटो डिलीट केला, तर तो दोन्हीकडून जातो. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा. फोन रिकामा करायचा असेल तर त्याच ॲपमधला जागा मोकळी करण्याचा पर्याय वापरावा. दरमहा पैसे भरून जागा वाढवायची नसेल, तर जुने फोटो ओटीजी पेनड्राइव्हवर काढून घेतले तरी भागतं. मात्र दोन ठिकाणी ठेवा, पेनड्राइव्हही बिघडतो.

आता रिचार्ज. बंगल्याच्या रखवालदाराकडे साधा बटणांचा फोन असतो, तरी त्याला नेटचा पॅक मारून दिला जातो, कारण ‘नुसत्या बोलण्याचा पॅक येतच नाही.’ येतो. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, विचारून घ्या. ‘महिन्याचा’ म्हणून मारलेला पॅक २८ दिवसांचा असेल तर वर्षात १३ रिचार्ज होतात. दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा निदान एक पॅक ठेवणंही ट्रायने २०२२ पासून सक्तीचं केलं आहे. दोन्हींचा दिवसाचा दर काढून मगच ठरवा.

जाड भिंतींच्या खोलीत रेंज मिळत नाही म्हणून काहीजण दुसरं सिम घेतात. बंगल्यात वायफाय असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग आधी चालू करून बघा. देशातल्या देशात त्याचा वेगळा आकार जिओ आणि एअरटेल घेत नाहीत, कॉल नेहमीच्याच पॅकमधून जातो.