आयन इंजिनाची वाट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: आयन इंजिनाचा जोर इतका कमी की लांबच्या मोहिमेला ते निरुपयोगी.

वस्तुस्थिती: जोर कमी असतो हे खरंच. नासाच्या ‘डॉन’ यानाचं इंजिन पूर्ण क्षमतेने चालतानाही दोन कागदांच्या वजनाएवढाच रेटा देई. पण इंधन म्हणून वापरलेल्या झेनॉन वायूचे आयन (विद्युतभारित अणू) रासायनिक इंजिनातल्या वायूपेक्षा सुमारे दहापट वेगाने बाहेर पडतात, त्यामुळे थोड्या इंधनात पुष्कळ वेग कमावता येतो. २००७ साली ४२५ किलो झेनॉन घेऊन निघालेलं डॉन आधी वेस्टा या लघुग्रहाभोवती आणि मग सेरेस या बटुग्रहाभोवती फिरलं. पृथ्वीपलीकडच्या दोन खगोलांभोवती फिरलेलं ते पहिलं यान.

गैरसमज: दिशा ठरली की इंजिन चालू ठेवायचं, झालं.

वस्तुस्थिती: रासायनिक इंजिन काही मिनिटं पेटतं आणि मग यान महिनोन् महिने सूर्याच्या गुरुत्वाकर्षणावर वाहत जातं. डॉनचं इंजिन मात्र सगळं मिळून साडेपाच वर्षांहून अधिक काळ चाललं. आज रेटा कुठल्या दिशेला दिला, त्यावर वर्षभरानंतरची जागा ठरते. त्यातच सूर्यापासून दूर जाताना इंजिन चालवणारी सौर पॅनेलची वीज घटते: पृथ्वीजवळ १० किलोवॉट, सेरेसजवळ जेमतेम १.३. वीज घटली की जोरही घटला. म्हणून प्रवासाचे असंख्य तुकडे पाडून संगणकावर सगळ्यांच्या दिशा एकत्रच शोधाव्या लागतात. उत्तर येतं ते बहुतेकदा सूर्याभोवती हळूहळू उलगडणाऱ्या वेटोळ्याचं.

गैरसमज: सगळ्यात कमी इंधन लागणारी वाट तीच सर्वोत्तम.

वस्तुस्थिती: माझ्या मते हाच गैरसमज सगळ्यात घातक. इंजिन अखंड चालेल असं गृहीत धरलेली वाट ते बंद पडताच कोलमडते. सप्टेंबर २०१४ मध्ये सेरेसकडे जाताना डॉनचं इंजिन अचानक थांबलं आणि सुमारे चार दिवसांचा रेटा बुडाला. अभियंत्यांनी पुढची वाट नव्याने आखली. निरीक्षणाची पहिली कक्षा महिनाभर लांबली, पण मोहीम वाचली. रासायनिक इंजिनाच्या यानाला कक्षेत शिरण्याची ठरलेली घटका चुकवून चालत नाही, ते पुढे निघून जातं. डॉन मात्र ६ मार्च २०१५ रोजी सेरेसच्या कक्षेत इतक्या सावकाश शिरलं की त्या वेळी त्याचा पृथ्वीशी संपर्कही नव्हता. खबर तासाभराने आली. थोडं जास्त इंधन आणि काही मोकळे दिवस आधीच राखून ठेवणारी आखणी कागदावर महाग दिसते, तरी उडवायची तीच.