चेतकचं इंजिन बांधताना

बजाज चेतक १९७२ साली आली. तिच्या आराखड्याचं मूळ इटलीच्या व्हेस्पा स्प्रिंटमध्ये होतं, पण आकुर्डीत तयार होणारी ही स्कूटर मराठी मध्यमवर्गाची घरची गाडी झाली. आता ती जुनी चेतक रस्त्यावर क्वचित दिसते. तरी जुन्या मेकॅनिककडे एखादी चेतक ‘फुल इंजिन’ करायला येतेच, आणि ते काम जवळ उभं राहून पाहावं असं आहे.

खोलणं फार अवघड नाही. केबली आणि पेट्रोलची नळी सोडली, मागचा शॉकअब्सॉर्बर मोकळा केला, एक लांब बोल्ट ओढून काढला की अख्खं इंजिन खाली येतं. चेनची भानगडच नाही. मागचं चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं. उजवीकडे मॅग्नेट, डावीकडे क्लच. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५७ मिलिमीटर, म्हणून १४५.४५ सीसी. सिलिंडर झिजला असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचा आणि त्यावरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवायचा.

खरी विद्या इथून पुढे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की हवा, पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण तिच्यात ओढलं जातं. खाली आला की तेच दाबलं जाऊन सिलिंडरमध्ये चढतं. म्हणून क्रँककेसचे दोन्ही भाग पुन्हा हवाबंद व्हायलाच हवेत. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गेलं तर नुसती हवा आत शिरते, इंजिन उगाच रेस होतं आणि पिस्टन तापून जाम होऊ शकतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो.

त्यामुळे चांगला मेकॅनिक साफसफाईत घाई करत नाही. जुनं पॅकिंग खरवडताना धातूवर ओरखडा पडता कामा नये. जुन्या चेतकमध्ये मिश्रणाची वाट उघडण्या-मिटण्याचं काम फिरता क्रँकच करतो. तिथल्या गुळगुळीत पट्टीवर खोल चरा पडला तर मिश्रण उलटं कार्बोरेटरकडे फेकलं जातं, आणि गाडी स्टार्ट व्हायला छळते.

नवे पार्ट पैसे मोजले की मिळतात. इंजिन नीट मिटवायला हात तयार लागतो. तो हात असलेले कारागीर अजून आपल्यात आहेत. गाड्यांचं काम शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने त्यांच्याशेजारी बसून एक तरी चेतक बांधावी, असं मला मनापासून वाटतं.